एक पुंगळी कमी

रेंजवर एकशे वीस गोळ्या दिल्या होत्या,
पुंगळ्या परत आल्या एकशे एकोणीस.
हवालदार म्हणाला, शोधा.
आम्ही तीस जण गवतात ओणवे.
सूर्य बुडाला, कंदील आले,
लंगरमधली डाळ गार होऊन तिच्यावर साय धरली.
रात्री नऊला सापडली,
सायबू तडव्याच्या स्वतःच्याच बुटात, घोट्यापाशी.
चटका बसला होता म्हणे,
त्याला वाटलं मुंगळा.

सायबू यावलचा, सातपुड्याच्या पायथ्याचा.
मी वरणगावचा, फॅक्टरीच्या भिंतीलगतचा.
आमच्या घरी घड्याळ नव्हतं, भोंगा होता.
कमळवैनी पहाटेच्या भोंग्याला जायची,
गेटवर झडती द्यायची,
कापडी बूट घालून दिव्याखाली बसायची
आणि दिवसभर काडतुसं बघायची.
नुसती बघायची.
टोपी तिरपी, बाजूला.
तोंडाला चीर, बाजूला.
संध्याकाळी तिला तुरीतले खडे दिसायचे नाहीत,
डाळ निवडायला शेजारीण यायची.

डिसेंबरात आम्ही कालव्याच्या बांधावर होतो.
तिसऱ्या रात्री माझ्याकडे अकरा उरल्या.
अकरा म्हणजे किती
हे बाजारात मोजून कळत नाही.
बधिर बोटांनी खिशात परत परत मोजल्या,
दर वेळी अकराच.
जपून मारा, साहेब म्हणाले, मागून येतंय.

मागून सायबू आला.
दीड मैल, उसातून, कोपरांवर,
पाठीला पेटी बांधून.
संगिनीने पत्रा उचकटला.
आत नऊ एमएमची. स्टेनची.
आमच्या रायफलींना सात-बासष्ट लागायची.
कोणीतरी हसलं, मग सगळेच हसलो,
तोंडात मफलर कोंबून, पोट दुखेपर्यंत.
सायबू म्हणाला, अंधारात अक्षर दिसलं नाही रे.
घोटभर पाणी प्याला
आणि तीच पेटी पाठीला लावून परत निघाला.
ठेव इथेच म्हटलं,
तर म्हणे, सही माझी आहे.

पहाटे बरोबर पेटी आली,
दुसऱ्याच्या पाठीवर.

तिच्या तळाशी चिठ्ठी होती: शिक्का, तारीख,
ओल लागून फुटलेली कुणाची तरी सही.
वैनीची असावी असं वाटलं,
नसावी असंही वाटलं.
त्यातल्या तीन वाजल्या नाहीत.
टोपीवर पिनेची खळी पडलेली, आणि गोळी मुकी.
एकदा तर समोरचा मला दिसत होता, मी त्याला.
त्याचंही काहीतरी अडकलं होतं.
दोघंही खाली मान घालून आपापल्या रायफलीशी झटत होतो,
दौत सांडलेल्या पोरांसारखे.
मग धूर आला मध्ये. त्याचं पुढे काय झालं, माहीत नाही.

लढाई थांबल्यावर पुंगळ्या कुणी मागितल्या नाहीत.
बांधभर पितळ पडलं होतं,
तिथली पोरं सदऱ्याच्या ओच्यात भरून नेत होती.
मी सवयीने मोजायला लागलो,
साठ-सत्तरनंतर सोडून दिलं.

सायबूची रायफल जमा केली तेव्हा मी साक्षीला होतो.
मॅगझिन भरलेलं.
बंडोलियरचा टाकासुद्धा उसवलेला नव्हता.
कारकुनाने मोजलं, लिहिलं: पूर्ण.
नऊ एमएमची पेटीही जमा,
एका कोपऱ्यावर मातीचा लपका. पूर्ण.
मला म्हणाला, इथे सही कर.

सुट्टीत घरी आलो.
वैनीने कळण्याची भाकरी केली, ठेचा वाटला,
आणि पाठमोरीच, चुलीकडे बघत,
तिच्या अमळनेरकडच्या बोलीत विचारलं,
"भाऊ, एखांदी वाजनी नही, असं व्हयनं का रे?"

मी म्हटलं, नही वैनी. बठ्ठ्या वाजन्या.

ती काही बोलली नाही.
तव्यावरची भाकरी उचलली, दिव्यापाशी नेली,
दोन्ही बाजूंनी नीट पाहिली,
मग माझ्या ताटात टाकली.